आधी घरच्यांनी बघायचं

आमच्या घरात कॉम्प्युटरचा माणूस मी, हे कुणी ठरवलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता, बहुतेक त्याच दिवशी ठरलं असावं. त्याआधी मी सोलापुरात शुक्रवार पेठेत टायपिंगचा क्लास चालवायचो. टायपिंग बुडालं तेव्हा त्याच टेबलांवर कॉम्प्युटर मांडले, आणि तोही क्लास बुडाला तेव्हा धाकट्या भावाच्या कारखान्यात येऊन बसलो. भावाचे टॉवेल आणि चादरींचे माग आहेत. मागातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून त्यानं मला काचेच्या खोलीत बसवलं आणि आल्यागेल्याला सांगायला लागला, "हे आमचे अण्णा. कॉम्प्युटरचं सगळं तेच बघतात." पन्नाशी उलटल्यावर असं पद आपणहून चालत आलं की माणूस नाही म्हणत नाही. मीही म्हणालो नाही.

भावाची मुलगी कापडाच्या डिझाइनचं शिकून परत आली, तिथून माझी कसोटी लागली. वडिलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे दोडप्पा म्हणतात. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी, आणि भांडण असेल त्या दिवशी दोन्ही पूर्ण. तर ही पुतणी मला लहानपणापासून "ए दोडप्पा" म्हणते आणि अरे-तुरे करते. तिनं चादरींच्या नव्या नक्ष्या काढल्या. मंगळवेढ्याला माझ्या मामाच्या रानात महिनाभर राहून ज्वारीची कणसं काढली, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात त्या भेगा काढल्या. कारखान्यातल्या म्हाताऱ्या विणकरानं त्यातल्या अडतीस नक्ष्यांचे हात-हातभर तुकडे विणून दिले, आणि कणसाची एक, भेगांची एक अशा दोन अख्ख्या चादरीही.

भावानं तिला सरळ सांगितलं, "नक्षी विणायचे, जॅकार्डचे चार माग तुला दिवाळीपर्यंत दिले. तीन मोठ्या व्यापाऱ्यांना दाखव. एकानं जरी हो म्हटलं तरी माग तुझे. नाहीतर चारीवर टॉवेल चढवतो, आणि तू पुण्यात नोकरी बघ."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दोडप्पा, दाखवायचं काम तुझं."

व्यापारी सगळे लांबचे. त्यांनी त्यांच्या जागेवरून लिंक उघडायची, नक्षी बघायची, बोटानं मोठी करत करत अगदी धागा न् धागा बघायचा, असं ठरलं. आपल्या पडद्यावरून दाखवलं तर धागे पुसट होतात, ते तिला चालणार नव्हतं. म्हणून प्रत्येक तुकडा एवढा बारीक स्कॅन केला की एकेका चित्राचं वजन अख्ख्या सिनेमाएवढं झालं. ही चित्रं ठेवायला मी क्लाउडवर जागा घेतली. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी मोठ्या इमारतीतली मशीनं, आपण भाड्यानं घ्यायची. त्यात मशीन वेगळं आणि डिस्क वेगळी. डिस्कवर चित्रं राहतात, मशीन ती उचलून बघणाऱ्याला देतं. दोन्हींत लहान-मोठे प्रकार आहेत. मी मशीन सगळ्यात लहान प्रकारचं घेतलं आणि तेच ठेवलं.

का, तर मी अभ्यास केला होता. पंधरा दिवस रोज आलेख बघितला. मशीनचं डोकं सात-आठ टक्क्यांच्या वर कधी गेलंच नाही. बाकी वेळ नुसतं बसून. काचेच्या खोलीत माझंही साधारण तेवढंच चालत असल्यामुळं मला त्या मशीनबद्दल आपुलकी वाटली. भावाला म्हटलं, "मोठं कशाला? हेच आळसावून बसलंय." भावाला माझा फार अभिमान वाटला. तो आठवला की आता मला उठून पाणी प्यावं लागतं.

आता घरातली रीत सांगायला हवी. आमच्याकडं नव्या नक्षीचं पहिलं कापड मागावरून उतरलं की ते लगेच गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. आधी घरच्यांनी बघायचं. देवापुढं घडी ठेवायची, थोरल्यांनी वरून हात फिरवायचा, आणि आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावणार. मग ते कापड बाहेर. आक्का अक्कलकोटला दिलेली, पण या कामाला ती लग्नानंतरही कधी चुकली नाही.

यावेळी कापडाच्या आधी चित्रंच बाहेर जाणार होती. मग रीतीचं काय? उपाय मीच काढला, आणि काढल्यावर दोन दिवस स्वतःवर खूश होतो. व्यापाऱ्याची वेळ अकराची. साडेदहाला मी घरच्या ग्रुपवर लिंक टाकायची, सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर दर्शन घ्यायचं, अकराला परक्या माणसानं. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. आक्कानं अक्कलकोटहून मोबाईलच्या काचेलाच कुंकू लावलं आणि त्याचा फोटो पाठवला.

पहिल्या दिवशी साडेदहाला काय छान चाललं! चित्रं टकाटक उघडत होती. मामानं लिहिलं, "माझ्या रानातलंच कणीस हाय हे, वळकलं की." आक्कानं प्रत्येक नक्षी मोठी करून बघितली, मग शेजारणीला दाखवली, मग शेजारणीच्या सुनेला. अकराला व्यापारी आला. त्यानं पहिलं चित्र उघडलं आणि ते वरून खाली असं उतरायला लागलं, जसं एखादं गंजलेलं शटर कुणीतरी एका हातानं ओढतंय. पाव कणीस दिसलं. मग अर्धं. पुतणी बोलत राहिली, धाग्याबद्दल, रंगाबद्दल, आणि शेवटी तिच्याजवळचं बोलणं संपलं तरी कणीस पूर्ण झालं नाही. व्यापारी सभ्य माणूस. "नंतर निवांत बघू," म्हणाला. ते नंतर कधी आलं नाही.

मी लगेच निदान केलं. डिस्क हळू आहे. आणि भावाला न विचारता, त्या दुकानात असलेल्या सगळ्यात वेगवान प्रकारची डिस्क घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठून बघितलं, तर वीज चमकावी तशी चित्रं येत होती. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि कूस बदलली. आठवडाभर रोज सातला बघत होतो. दहा मिनिटं बघायचं, समाधान मानायचं, चहा प्यायचा.

पहिला व्यापारी हातचा गेल्यामुळं दुसऱ्या वेळेला घरच्यांनी अंमळ जास्तच मनावर घेतलं. आक्कानं नणंदांना सांगितलं, मामानं जावयाला. दर्शनाला बावीस माणसं. मी स्वतः साडेदहापासून अडतीसच्या अडतीस चित्रं एकामागोमाग उघडत बसलो, मशीन गरम राहावं म्हणून. आमच्या जुन्या मोटारसायकलला हिवाळ्यात तसं करावं लागायचं.

अकराला शटर पुन्हा गंजलं. या वेळी तर पाव कणसावरच थांबलं. व्यापारीण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाऊस आहे का?" आकाश कोरडं ठणठणीत होतं. पुतणी "हो" म्हणाली.

लॅपटॉप मिटून ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही जरा नीट बघाल का?"

तुम्ही! जन्मापासून मला ए दोडप्पा म्हणणारी पोरगी. भाऊ नुसता मागांच्या खोलीत गेला आणि टॉवेलाच्या सुताचे बाचके मोजून आला. तिसरा आणि शेवटचा व्यापारी येत्या गुरुवारी होता.

पुढचे तीन दिवस मी काय केलं नाही? इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला वायर चांगली आहे, पण कबुतरं फार आहेत. वायफायचा डबा खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, देव्हाऱ्याशेजारी ठेवला. शेवटी मंगळवारी क्लाउडवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक बाई बोलल्या. नशिबानं मराठी निघाल्या.

"सर, डिस्क तर एकदम चांगली घेतलीय तुम्ही."

"मग?"

"मशीन लहान आहे."

"अहो, मशीनला काम काय आहे? आठ टक्के! बसून असतं ते!"

"डोक्याला काम नाही, सर. पण डिस्कवरचं सगळं मशीनमधूनच बाहेर येतं ना? मशीनच्या प्रत्येक प्रकाराला हद्द ठरलेली असते, डिस्कवरून सेकंदाला किती ओढता येईल त्याची. डिस्क दसपट वेगवान घेतली तरी मशीन आपल्या हद्दीच्या पुढं ओढत नाही."

"मग सकाळी सातला कसं ओढतं?"

"लहान प्रकारांना दिवसातून साधारण अर्धा तास जादा वेग मिळतो. तेवढा वापरला की मशीन आपल्या मूळ चालीवर येतं. वापर थांबला की तो साठा पुन्हा हळूहळू भरतो. तुमच्या कार्यक्रमाआधी कोणी वापरतं का?"

"कुणीही नाही."

"मला इथं साडेदहापासून भरपूर वापर दिसतोय."

"ती घरचीच माणसं."

बाईंनी विचारलं, "किती आहेत?"

"बावीस. आणि मी."

"सर," त्या फार मायेनं म्हणाल्या, "मशीनला घरचे आणि बाहेरचे कळत नाहीत."

मी म्हटलं, ठीक, मोठ्या प्रकारचं मशीन द्या. त्या म्हणाल्या, नव्या खात्याला मोठा प्रकार लगेच मिळत नाही, अर्ज करा, दोन-तीन दिवस लागतील. म्हणजे डिस्क हवी तेवढी मोठी घ्या, कुणी विचारणार नाही, पण जे खरं अडलंय त्याला अर्ज! अर्ज केला. 'कारण' असा रकाना होता, त्यात नातेवाईक असं लिहावंसं वाटत होतं.

घरी येऊन बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. कागदावर चौकोन काढले, बाण काढले. ती भाजी निवडत ऐकत होती. आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं, एवढंच तिच्या बोलण्याआधी माहीत असावं.

"म्हणजे आपल्या नळासारखं की," ती म्हणाली. "टाकी दोन हजार लिटरची आणलीत, पाइप राहिला अर्ध्या इंचाचा. आणि जोर असतोय पहिला अर्धा तास. तेवढ्यात खालच्यांनी मोटार लावली की आपल्याला करंगळीएवढी धार."

चौकोन काढलेला कागद मी घडी करून खिशात ठेवला.

"यात खालच्या मजल्यावर कोण आहे?" मी उगाचच विचारलं.

"आक्का," ती म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली.

बुधवारी सकाळी पुतणीसमोर कबूल केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दोन्ही वेळेला आपल्याच माणसांनी संपवलं?"

"मी पण होतो त्यात. अडतीसच्या अडतीस उघडत होतो."

"उद्या अकराच्या आधी कुणीही बघायचं नाही. सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच सांगा."

मी बावीस फोन केले. आयुष्यात इतका वैताग मला टायपिंगच्या परीक्षेतसुद्धा आला नव्हता. प्रत्येक जण सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा, बरोबर आहे म्हणायचा, आणि शेवटी विचारायचा, "पण मी एकट्यानं बघितलं तर काय होतंय?" बावीस एकटे! मी संध्याकाळी लिंकचा पासवर्डच बदलून टाकला. मग मामाचा फोन आला. "पासवर्ड काय हाय?" मामानं विचारलं. आता मामाला नाही कसं म्हणायचं? माझ्या मुंजीत... नाही, मुंज आमच्यात नसते, माझ्या जावळाला त्याच्या मांडीवर बसलेलो मी. सांगितला.

आक्काचा फोन शेवटी ठेवला होता.

"म्हंजे आमची नजर लागते व्हय रं?"

"नजर नाही गं आक्का. ओझं पडतं मशीनवर."

"माझं कसलं ओझं? मी हितं अक्कलकोटात बसून बघते. तुझ्या मशीनवर चढून बघते व्हय?"

"आक्का, त्याला दिवसात अर्धाच तास जोर असतो. तो आपणच..."

"आमी बघायचं न्हाई आणि परक्यानं बघायचं. बरं हाय." फोन ठेवला. मी तिथंच हातात फोन धरून उभा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या बोटाशिवाय घरातून कापड गेलेलं नव्हतं, आणि ते थांबवलं कुणी, तर ज्याला टॉवेल आणि चादर वजनावरून ओळखावी लागते त्यानं.

गुरुवारी नऊच्या सुमाराला कारखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आक्का उतरली. पहाटेच्या एसटीनं आली होती, हातात पिशवी, कपाळाला घाम. मला बघून थांबलीसुद्धा नाही.

"मोबाईलात बघू नको म्हणलास," जाता जाता म्हणाली. "कापडात बघू नको असं न्हाई म्हणलास."

आणि खरंच, अडतीस तुकडे आणि दोन्ही चादरी माझ्याच खोलीतल्या कपाटात पडून होत्या. इतके दिवस. मी सगळ्या नातेवाइकांना लांबच्या इमारतीतून कणीस दाखवत होतो, आणि कणीस माझ्या खुर्चीच्या मागं!

पुतणीनं ज्वारीची चादर टेबलावर पसरली. आक्कानं हात फिरवला, मग पालथा हात फिरवला, मग एक पदर चिमटीत धरून चोळला. "हे मोबाईलात कुटं कळतंय?" ती म्हणाली. "लई मऊ झालंय गं. पर हितं कणसाच्या बुडाला उभा धागा जरा ताठ बसलाय. त्याला इचारतील बघ." पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि कोपऱ्याला बोट लावलं. त्या नक्षीची अख्खी तयार एकच चादर, त्यावर लाल ठिपका. मी पुतणीच्या तोंडाकडं बघितलं. ती वाकून आक्काच्या पाया पडत होती.

अकराला तिसरा व्यापारी जोडला गेला. पुतणीनं अडतीसच्या बारा केल्या होत्या आणि अर्ध्या तासात बसेल असं बोलणं बांधलं होतं. मी घड्याळ घेऊन कोपऱ्यात. कणीस उघडलं, झटकन, बुडापासून शेंड्यापर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. व्यापारी मोठं करत करत धाग्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "हा खालचा उभा धागा ताठ आहे का?" पुतणी म्हणाली, "हो, तिथं पीळ जास्त आहे, पुढच्या विणीत कमी करणार आहोत." आक्कानं भावाकडं बघितलं. भावानं छताकडं.

वीस मिनिटं झाली. बावीस. चोविसाव्या मिनिटाला शटर अडखळलं. मी बाहेर धावलो आणि मंगळवेढ्याला फोन लावला.

"मामा, उघडलंयस काय?"

"मी एकटाच बघायलोय की," मामा म्हणाला. "अकरा वाजून गेले न्हवं?"

"ठेव! पाया पडतो, ठेव!"

"बरं, येवढं भेगांचं बघून ठेवतो."

आत आलो तेव्हा शेवटचं चित्र अर्ध्यावर लटकलं होतं. पण व्यापाऱ्याचं बघून झालं होतं. "कणसाची आणि भेगांची, या दोन्ही चादरी पाठवून द्या," तो म्हणाला. "हातात घेतल्याशिवाय मी कापडाचं बोलत नाही." आणि गेला.

हे हो होतं की नाही होतं? सगळ्यांनी भावाकडं बघितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "'हो' तर नाही म्हणाला तो."

"नाही पण न्हाई म्हणाला," आक्का म्हणाली.

"दोन माग ठेव," भाऊ मुलीला म्हणाला. "दोनवर टॉवेल चढवतो. त्याचं उत्तर येईपर्यंत."

चार मागताना दोन हातात आले. तिनं वाद घातला नाही. चादरीची घडी घालायला लागली, आणि घडी घालताना तो लाल कोपरा वर आला. मी म्हटलं, "हे धुवून पाठवू, नाहीतर दुसरी विणू."

"दुसरी विणायला चार दिवस लागतील," ती म्हणाली. "आणि धुतलेली चादर नवी म्हणून पाठवू का? आहे तशी जाऊ दे."

बाराला मला क्लाउडवाल्यांचं पत्र आलं. आपली विनंती मंजूर झाली आहे, आपण आता मोठ्या प्रकारचं मशीन घेऊ शकता. मी ते पत्र उभ्यानं दोनदा वाचलं आणि मला काय वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तरी त्याच दुपारी मशीन बदललं. आता बावीस जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसले तरी कणीस अडत नाही. कुणी बघत नाही. मामा तेवढा अधूनमधून उघडतो आणि मला फोन करून सांगतो की चालतंय.

नऊ दिवसांनी व्यापाऱ्याचा निरोप आला. दोन्ही नक्ष्या घेणार, फक्त कणसाच्या बुडाचा पीळ कमी करा. कोपऱ्यातल्या ठिपक्याबद्दल अवाक्षर नव्हतं. भावानं निरोप वाचला, मागांच्या खोलीत गेला आणि दोन मागांवरचं टॉवेलाचं सूत उतरवायला सांगितलं. पुतणी माझ्या काचेच्या खोलीत आली. मी आलेख बघत बसलो होतो. मोठं मशीन, चार टक्के.

"ए दोडप्पा," ती म्हणाली, "आक्काआत्याला एसटीचं विचार. नवीन कापड मंगळवारी उतरणार आहे."